शेनिनच्या पहिल्या टाकीआधी

सस्नेह नमस्कार,

शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनची हजार लिटरची टाकी तुझ्याकडे सोपवली आहे आणि विकतचं यीस्ट वापरायचं नाही, द्राक्षांवरच्या यीस्टनेच रस आंबवायचा, असं ठरलंय. मग आधी बागायतदाराकडून फवारणीची वही मागून घे. भुरीसाठी गंधक शेवटचं कधी मारलं ते बघ. तोडणीआधी निदान 35 दिवस ते बंद हवं. मण्यांवर उरलेल्या गंधकातून रस आंबताना सडक्या अंड्याचा वास निघतो.

आता पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप: आकडा जितका कमी तितका रस आंबट. शेनिनच्या मूळ मुलखात, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात, द्राक्ष गारव्यात पिकतं आणि आंबटपणा टिकतो. नाशिककडे फेब्रुवारीचं ऊन चढलं की तो झरझर उतरतो. म्हणून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, वाढायची वाट बघत बसू नकोस. 20-21 ब्रिक्स पुरे, पण पीएच 3.2-3.3 असतानाच तोड. वाईन बिघडू नये म्हणून घालतात त्या सल्फर डायऑक्साइडचं (पुढे नुसतं ‘सल्फर’) बघ: 3.2 पीएचला लिटरमागे 20 मिलिग्रॅम मुक्त सल्फरने जे भागतं, त्याला 3.6 वर 50 लागतात. फ्रान्समधल्या ‘व्हँ मेथोद नात्यूर’ या नैसर्गिक वाईनच्या सनदेत एका लिटरला एकूण 30 मिलिग्रॅमचीच मुभा आहे, तीही आंबणं संपल्यावर. उशिरा तोडलेल्या द्राक्षांना सल्फर टाळायची चैन परवडत नाही.

तोडणीच्या आठवडाभर आधी त्याच बागेतले 50-60 किलो निरोगी घड आणून विरजण लाव, म्हणजे टाकीत घालायला आंबता रस आधी तयार कर. रस तीन भांड्यांत वेगवेगळा ठेव, 20-22 अंशांवर. रोज हुंगत जा. नेलपॉलिशचा वास आलेलं भांडं सरळ ओतून दे. ‘थोडासाच तर आहे’ म्हणून मोठ्या टाकीत मिसळलंस तर सगळी टाकी जाईल. साखर आंबत जाते तशी घनता उतरते. चांगल्या भांड्याची घनता 1.085 वरून 1.030 च्या आसपास आली आणि फेस जोरात असला, की ते वापरायला तयार. टाकीला 3 ते 5 टक्के पुरतं.

मुख्य तोडणी पहाटे कर, घड अख्खेच प्रेसमध्ये घाल. सल्फर नसल्याने रस तासाभरात चहासारखा तांबूस दिसेल. घाबरू नकोस, काही घालू नकोस. काळे पडणारे घटक आत्ताच ऑक्सिजन घेऊन साक्याबरोबर खाली बसतात, आणि आंबणं संपेपर्यंत रंग उतरतो. रात्रभर 10-12 अंशांवर निवळू दे, पण अगदी नितळ करू नकोस. थोडा गढूळपणा हे यीस्टचं खाद्य आहे.

आंबवताना तापमान 18-20 अंश ठेव आणि घनता सकाळ-संध्याकाळ लिही. 1.010 च्या आसपास घोडं अडलं तर धोका मोठा: यीस्ट थकलेलं असतं, साखर शिल्लक असते आणि जिवाणू तिचं व्हिनेगर करायला लागतात. साका ढवळून, तापमान दोन अंशांनी वाढवूनही दोन दिवसांत हालचाल दिसली नाही, तर माझ्या मते तत्त्व बाजूला ठेवून विकतचं यीस्ट घालावं. त्याची एक पिशवी आधीच आणून ठेव. अंड्याचा वास आला तर रसात नायट्रोजन कमी पडलाय, किंवा फवारणीची वही खोटी आहे. आंबणं चालू असतानाच रस एकदा हवेशीर फिरवून घे.

आंबणं संपलं की टाकी काठोकाठ भर. वर रिकामी जागा राहिली तर पांढरा पापुद्रा धरतो.

बाटलीआधी दोन आकडे हातात हवेत: साखर लिटरला 2 ग्रॅमच्या आत, मॅलिक आम्ल (द्राक्षातलंच, जिवाणू खातात ते) 0.2 ग्रॅमच्या आत. नाहीतर बाटलीत वाईन पुन्हा आंबेल. मग तळहातावर चार थेंब चोळून हुंग. उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास पेल्यात कळत नाही. पीएच वाढला तरच उठतो, म्हणून तोंडात घोट गिळल्यावर येतो आणि हातावरही. आला तर बाटल्या भरू नकोस. वाईन तशीच काही महिने टाकीत राहू दे, कधीकधी जातो. नाही आला तर हजार लिटरला 35 ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), म्हणजे लिटरला साधारण 20 मिलिग्रॅम सल्फर, घालून भर. अगदी शून्य सल्फरवर भरायचं असेल तर आधी दोनशे बाटल्याच भर आणि त्या गोदामातल्या गार कोपऱ्यात ठेव.