वाईटाविरुद्ध ख्रिस्ती माणसाने बळ वापरावं का?

नवापूरकडच्या एका भावाने विचारलंय: शेजारी दारू पिऊन बायकोला मारतो, मी मध्ये पडून त्याला धरलं-ढकललं तर ते येशूच्या शिकवणीविरुद्ध होईल का?

माझ्या मते नाही, भाऊ. मत्तय ५:३९ मध्ये 'दुष्टाला अडवू नका', एका गालावर मारलं तर दुसराही पुढे करा असं आहे, पण तिथे गाल आपला स्वतःचा आहे. दुसरी मार खात असताना तिचा गाल पुढे करायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

मंडळीत यावर एकमत नाही. मेनोनाइट आणि क्वेकर हे ख्रिस्ती पंथ युद्ध पूर्ण नाकारतात, आणि त्यांचा आधार भक्कम आहे: गेथशेमाने बागेत येशूला धरायला लोक आले, शिष्य पेत्राने तलवार चालवली तेव्हा येशूने ते थांबवलं आणि जखमी माणसाचा कान बरा केला. उलट सुरुवातीच्या मंडळीतले धर्मगुरू ऑगस्टीन आणि १३व्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी अटींवर युद्ध मान्य केलं: अधिकार असलेली सत्ता, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. कॅथलिक शिकवण स्वसंरक्षणाला मुभा देते, पण गरजेपुरतीच.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो डीट्रिख बॉनहोफर. हिटलरविरुद्धच्या कटाशी जोडलेल्या या जर्मन पाळकाला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी झाली. आपले हात स्वच्छ राहतील असा दावा त्याने केला नाही. दोष अंगावर घेऊनही माणसं वाचवावी लागतात, असं तो मानत होता.

तेव्हा त्याला धरा, हातातली काठी काढून घ्या, बाई-मुलांना आपल्या घरात आणा, ११२ ला फोन लावा. तो आवरल्यावर मात्र राग काढायला दोन जास्तीच्या लगावू नका. तो सूड झाला, आणि रोमकरांस १२:१९ ने तो साफ मना केलाय.