'नेपथ्य' म्हणजे सेट की पडद्यामागची जागा?

तुम्ही विचारलंय, नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य : अमुक' असं असतं आणि छापील संहितेत 'नेपथ्यातून आवाज येतो' असंही असतं, तर बरोबर कुठलं? दोन्ही. श्रेयनामावलीत सेट, 'नेपथ्यात' म्हटलं की पडद्यामागे.

हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या हौशी मंडळींनी नाटक बसवलं होतं. वाड्याची पडवी मी उभी केली. अकरा फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटी, सगळ्यांवर मांजरपाट ताणलेला. चिकटवायचा सरस आईच्या पातेल्यात उकळला, ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही. पत्रिकेचं प्रूफ आलं तेव्हा आमच्यातल्या एका संस्कृतच्या मास्तरांनी माझ्या नावापुढच्या 'नेपथ्य'वर सरळ काट मारली. "नेपथ्य म्हणजे वेषभूषा. शाकुंतलात सूत्रधार नटीला म्हणतो, नेपथ्यविधान आटोपलं असेल तर ये. ती काय आत रंधा मारत होती?" सगळे हसले. मी छापला गेलो 'रंगमंच साहाय्य' म्हणून. स्वयंपाक ज्यानं केला त्यालाच वाढपी म्हणायचं!

तेव्हा संस्कृत येत नव्हतं, गप्प बसलो. पुढे नाट्यशास्त्राचा अनुवाद हातात आला. भरतमुनी नेपथ्याचे चार प्रकार सांगतात: पुस्त, अलंकार, अंगरचना (म्हणजे रंगभूषा) आणि संजीव (म्हणजे रंगमंचावर येणारे प्राणी). मास्तरांची वेषभूषा अलंकारात. पण पहिला मान पुस्ताचा. पुस्त म्हणजे रंगमंचासाठी बनवलेले डोंगर, रथ, विमानं. ती कशाची करायची? चटई, कापड, कातडं जोडून. कापड! म्हणजे माझा मांजरपाट दोन हजार वर्षांपूर्वीच नेपथ्यात बसला होता.

तेव्हा तुमच्या ग्रुपमध्ये असा कुणी विद्वान निघाला तर 'पुस्त' एवढंच म्हणा. आणि पत्रिकेचं प्रूफ छापखान्यात स्वतः जाऊन बघा, दुसऱ्यावर सोडू नका.

हं, हिंदी नाटकवाल्यांशी बोलताना जरा जपून. त्यांच्याकडे नेपथ्य म्हणजे बहुतेक पडद्यामागचंच, सेटला ते मंच-सज्जा म्हणतात. आणि शाकुंतलातल्या त्या वाक्यापुरतं मास्तरांचंही चूक नव्हतं.

प्रयोगात माझ्या पडवीचं दार अडकलं, मास्तरांना विंगेतून एंट्री घ्यावी लागली, हेही खरंच. पण अडकलं ते नेपथ्यच.