८ आठवडे पुरे होऊ द्या, कोणी कितीही घाई केली तरी

कुत्र्याचं पिल्लू किती दिवसांचं झालं की आईजवळून न्यावं, असं तुम्ही विचारलंय, आणि शेजारी म्हणतात महिन्याचं झालं की चालतं. नाही चालत. ८ आठवडे पुरे होऊ द्या. केंद्र सरकारच्या श्वान पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांतही त्याआधी पिल्लू विकायला मनाई आहे.

“महिन्याचं झालं की चालतं” हे वाक्य मी आमच्या दाजींकडून फार ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या शेतातल्या आखाड्यावर कारवानी जातीची कुत्री आहे. दिवाळीच्या सुमारास व्याली, पाच पिल्लं झाली. दाजींना माळेगावच्या यात्रेला पाहुणे यायच्या आधी पिल्लू दारात हवं होतं. मी परभणीला गेलो असताना ते आले आणि सगळ्यात गुबगुबीत नर उचलून घेऊन गेले. जेमतेम महिन्याचा होता. घरच्या जावयाला नाही कोण म्हणणार? आई म्हणाली, “नेऊ दे की, डोळे उघडून किती दिस झाले.” डोळे तर १०-१४ दिवसांतच उघडतात, त्यावरून काय ठरतं?

तिथं त्याला गायीचं दूध पाजलं, हगवण लागली. वर मार्गशीर्षातली थंडी. डॉक्टरांनी वाचवला. पण मोठा होत गेला तसा खेळताना सरळ दात रुतवायला लागला. एकदा भाच्याचा हात असा धरला की सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची इंजेक्शनं द्यावी लागली. (कितीही छोटं पिल्लू चावलं तरी जखम आधी १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.) आणि दाजी साऱ्या भावकीत सांगत फिरले, “यांच्या कुत्रीचं रक्तच खराब.”

हे मला अजून सहन होत नाही. बाकीची चार पिल्लं त्याच आईची, त्याच बापाची. दोन महिने आईजवळ राहिली. त्यातलं एक आमच्याकडंच आहे, लेकरांच्या हातातली भाकरी घेतं पण दात लागू देत नाही. रक्त खराब असतं तर ते यांच्यातही उतरलं असतं ना?

तिसऱ्या आठवड्यापासून दात यायला लागतात आणि तिथून पुढं खरी शाळा चालते. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ सोडून देतं. आईच्या सडाला दात लागले की ती गुरगुरते, उठून जाते. किती जोरानं चावायचं हे पिल्लू असं शिकतं. दाजींनी नेमके तेच आठवडे कापले आणि नाव आमच्या कुत्रीचं घेतलं. “लवकर आणलं की माणसाचा लळा लागतो” हेही त्यांचंच. लळा ८ आठवड्यांनंतर आणलं तरी लागतो, तेव्हाही पिल्लू नव्या माणसांत चांगलं रुळतं.

तुम्ही पिल्लू आत्ताच पसंत करा, गळ्यात रंगीत दोरा बांधा, मधूनमधून जाऊन हाताळा, पण राहू द्या तिथंच. न्यायच्या आधी आई दाखवा म्हणा. जो आई दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत होते, झाली का विचारा. पुढचे डोस मात्र तुम्हालाच द्यायचे आहेत.

आता हेही खरं की लवकर तुटलेलं प्रत्येक पिल्लू चावरं होतं असं नाही, सांभाळणारा नेटका असेल तर निभावतं. आणि आईच मेली किंवा दूधच नसेल तर इलाज नाही. अशा वेळी गायीच्या दुधाच्या नादी लागू नका, डॉक्टरांकडून पिल्लांची दूध पावडर आणा, ऊब द्या, आणि जमलं तर भावंडं एकत्र ठेवा. दाजींवर तशी वेळ आलेली नव्हती. आई धडधाकट होती, दूध भरपूर होतं, पिल्लू मी नंतर स्वतः आणून दिलं असतं.