वचन प्रश्नाचे द्यावे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधन-निधीच्या अर्जाचा मसुदा मिळाला. दुसऱ्या पानावरच्या "दोन वर्षांत स्किझोफ्रेनियावरील नव्या औषधाचा मार्ग मोकळा होईल" या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे, आणि हे पत्र केवळ त्या रेघेसाठी आहे. ते वाक्य तुझे नव्हे. "दात्यांना आशा दिसली पाहिजे" असे विश्वस्तांनी सांगितले आणि तू गोंधळलीस, असे तूच लिहितेस. आशा दिसू दे. पण वचन प्रश्नाचे दे, औषधाचे देऊ नकोस.

दानाच्या पैशावर संशोधन करणे कमीपणाचे वाटते, या तुझ्या शंकेवर मी फार शाई खर्च करणार नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्याच आधाराने सुरू झाली. न्यूयॉर्कची ब्रेन अँड बिहेविअर रिसर्च फाउंडेशन मानसिक आजारांवर काम करणाऱ्या नवख्या संशोधकांना दोन वर्षांसाठी ७० हजार डॉलरपर्यंत निधी देते, आणि तिच्या दात्यांमध्ये हे आजार ज्यांच्या घरात आहेत अशी कुटुंबे असतात. मोठे अनुदान मागताना आधीचे पुरावे दाखवावे लागतात आणि ते पुरावे गोळा करायलाच पैसा लागतो. ही कोंडी असा निधी फोडतो. तेव्हा तो ताठ मानेने घे.

आता ते वाक्य. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोरुग्णांना येणारा गुण दिसला आणि या आजारावरची पुढची जवळजवळ सगळी औषधे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्याच वाटेने गेली. वेगळ्या वाटेचे झॅनोमेलिन-ट्रोस्पियम हे जोड औषध अमेरिकेत मंजूर व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडले. त्यातले झॅनोमेलिन तर १९९० च्या दशकातच अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिले होते आणि दुष्परिणामांमुळे मागे पडले होते. या हिशेबात तुझी दोन वर्षे कुठे बसतात? रुग्णाच्या रक्तपेशींपासून मूलपेशी (ज्यांतून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात) आणि त्यांपासून चेतापेशी घडवण्यातच महिने जातात, आणि पेशी वाढवण्याच्या एका पेटीत बुरशी शिरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हे तुला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असताना तू ते वाक्य लिहिलेस, याचा मला राग आला.

राग येण्याचे कारण जुने आहे. तुझ्यासारखाच मी नवखा असताना आमच्या गावच्या खाडीपलीकडचे एक हापूसचे बागायतदार माझ्या कामासाठी दरवर्षी आंब्याचा हंगाम संपला की पैसे पाठवत. त्यांचा मुलगा सतराव्या वर्षी आजारी पडला होता. पहिल्याच भेटीत, त्यांच्या पडवीत बसून, मी "पाच वर्षांत काहीतरी हाती लागेल" असे म्हणालो. एका वर्षी मोहोर करपला, तरीही पैसे आले. सहाव्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी जमाखर्चाची वही पुढे ठेवली. माझ्या नावाची नोंद देणगीत नव्हती. "मुलाच्या औषधाचे" या मथळ्याखाली, डॉक्टरांच्या फीच्या आणि एसटीच्या भाड्याच्या ओळींखाली, ती होती. त्यांनी आवाज चढवला नाही. "औषध कुठवर आलं?" एवढेच विचारले. माझ्या प्रयोगाचे उत्तर नकारार्थी आले होते आणि ते मी त्यांना कळवलेही नव्हते.

त्या पैशातला एक रुपयाही वाया गेला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यावर दोन विद्यार्थी घडले, आणि एका चुकीच्या वाटेने पुढच्यांनी जाऊ नये एवढे तरी आम्ही दाखवून दिले. मी तसे बोललो नसतो तर कदाचित पैसे मिळालेही नसते. ही सबब मी स्वतःला अनेक वर्षे दिली आहे आणि ती अगदी खोटी नाही. पण ती वही डोळ्यांसमोर आली की अपुरी पडते. माझा प्रश्न खरा होता. तोच त्यांना नीट सांगितला असता तर त्यांनी पैसे दिले असते, असे मला आता वाटते. निदान कशासाठी देत आहोत, हे त्यांना कळले असते.

म्हणून ते वाक्य खोड आणि त्याजागी प्रश्न लिही: एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा पडत नाही, तर त्यांच्या चेतापेशींमध्ये कोणता फरक आहे? किती कुटुंबे घेणार, त्यांची संमती कोणत्या भाषेत घेणार आणि निधी संपल्यावर नमुने कोण सांभाळणार, तेही लिही. फरक सापडला नाही तरी तसे दात्यांना लेखी कळवीन, हे शेवटी घाल. तुझ्या पगाराची रक्कम संकोचाने कमी लिहिली आहेस, ती पुरती लिही. विश्वस्त कुरकुरले तर त्यांच्या बैठकीला स्वतः जा आणि हे पान मराठीतून वाचून दाखव. तरीही ते औषधाचे वचन मागू लागले तर निधी नाकार. मी दुसरीकडे शब्द टाकीन. वचन प्रश्नाचेच द्यायचे.

सुधारलेले दुसरे पान येत्या आठवड्यात पाठव. बाकीचा अर्ज उत्तम आहे, हे लिहायचे राहून जात होते.

कळावे, लोभ असावा.