पहिला ब्रेड बसला म्हणून ब्रेड मशीनला नावं ठेवू नकोस

अगं, पीठ मळून ब्रेड भाजणाऱ्या त्या मशीनमध्ये तुझा ब्रेड मधोमध खचला ना? पावसाळ्यात दादरला माझंही हेच व्हायचं. मुंबईच्या दमट हवेत पीठ आधीच ओल धरतं, त्यात पुस्तिकेतलं सगळं पाणी ओतलं की झालंच. ५०० ग्रॅम मैद्याला ३०० मिली पाणी घे, पण त्यातलं दोन चमचे मागे ठेव. मळणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघ (तेव्हा उघडलेलं चालतं, भाजताना नाही). गोळा भांड्याच्या कडा सोडून गुळगुळीत फिरायला हवा. तळाला चिकटला तर चमचाभर पीठ, खडखडत आपटला तर चमचाभर पाणी.

यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट डब्यात फ्रीजमध्ये. मीठ एका कोपऱ्यात, यीस्ट दुसऱ्या. मे महिन्यात दूध घालून रात्रीचा टायमर लावू नकोस, नासेल.

नुसत्या कणकेचा ब्रेड जडच होतो. अर्धा मैदा घाल. मशीनचं मळायचं पातं पावाच्या बुडाशी अडकतं, तेव्हा कापण्याआधी काढ. माझी सुरी त्यावरच बोथट झाली.

आणि वडापावाचे पाव? ते खालच्या बेकरीतूनच आण बाई.