सममूल्य, समच्छेद की नुसतं 'समान'?

सांगलीच्या एका पालकांनी विचारलंय: मुलगी पाचवीत आहे. 'सममूल्य अपूर्णांकांची एक जोडी लिहा' याला तिनं २/४ आणि ३/४ असं उत्तर लिहिलं, बाईंनी फुली मारली. मुलीचं म्हणणं, दोन्हींच्या खाली चारच आहे, मग सम नाही तर काय? तर सममूल्य आणि समच्छेद यांत फरक काय, आणि सरळ 'समान अपूर्णांक' म्हटलं तर चालेल का?

फुली बरोबर आहे. २/४ आणि ३/४ हे समच्छेद आहेत, सममूल्य नाहीत. समच्छेद म्हणजे छेद सारखा. अख्ख्याचे भाग दोन्हीकडे तितकेच पाडलेत, त्यातले घेतले किती हा प्रश्न वेगळा. सममूल्य म्हणजे किंमत सारखी. अंश वेगळा, छेद वेगळा, पण पदरात पडतं ते तेवढंच. गंमत म्हणजे दोन वेगळे अपूर्णांक एकाच वेळी समच्छेदही आणि सममूल्यही असू शकत नाहीत. छेद तोच आणि किंमतही तीच म्हटल्यावर अंशही तोच येणार, म्हणजे अपूर्णांक एकच राहिला.

या घोळात 'सम'चाही हात आहे. मुलं आधी सम-विषम संख्या शिकतात, तिथं 'सम'चा अर्थ दोनानं भाग जाणारी. मग काहींची समजूत होते की २/४, ४/८ यांत सगळे आकडे सम आहेत म्हणून ते सममूल्य, आणि १/३, ३/९ विषम म्हणून नाहीत. प्रत्यक्षात १/३ आणि ३/९ चोख सममूल्य आहेत. त्यात हिंदी व्हिडिओ बघणाऱ्या मुलांच्या कानावर 'समतुल्य भिन्न' पडतं. हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक, आपल्याकडे भिन्न म्हणजे वेगळं. समतुल्य आणि भिन्न एका दमात ऐकून मराठी पोर गोंधळलं तर त्याचा दोष नाही.

मूल्य म्हणजे काय हे दाखवायला आपल्या भागात गुंठ्याइतकं सोयीचं माप नाही. एकराचे गुंठे ४०. वीस गुंठे म्हणजे २०/४० एकर, त्याला तासगावातला बागायतदार म्हणतो अर्धा एकर. दहा गुंठे १०/४०, पाव एकर. तीस गुंठे ३०/४०, पाऊण एकर. कागदावर १/२, २/४, १०/२०, २०/४० अशी कितीही रूपं लिहिता येतील, पण तोंडी त्या सगळ्यांचा शब्द एकच: अर्धा. सममूल्य अपूर्णांकांची घरच्या घरी करायची ओळख हीच. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द किमतीचे आहेत, तुकड्यांच्या संख्येचे नाहीत. 'पाऊण' आलाय पादोन वरून, म्हणजे पाव उणे. आठातले सहा भाग घ्या, शंभरातले पंच्याहत्तर घ्या, पाव कमी ते पाऊणच. म्हणून तर ७५ ला आपण पाऊणशे म्हणतो.

एक अट मात्र सांगायला हवी: अख्खं तेच पाहिजे. एका एकराचा अर्धा आणि दोन एकरांचा अर्धा, दोन्हींना अर्धाच म्हणतात, पण एकात वीस गुंठे आणि दुसऱ्यात चाळीस. वहीत दोन वेगळ्या आकाराचे चौकोन काढून 'बघा, सारखेच' म्हटलं की मुलाला ते दिसत नाही. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून घड्या घातलेल्या बऱ्या.

आता शोधायचे कसे. अंशाला आणि छेदाला एकाच संख्येनं गुणायचं किंवा भागायचं, फक्त शून्य वगळून. २/३ ला वरखाली ४ नं गुणलं की ८/१२. किंमत बदलत नाही, कारण आपण ४/४ नं गुणतोय आणि ४/४ म्हणजे १. मुलं सर्रास चुकतात ती 'एकाच संख्येनं' एवढंच लक्षात ठेवून बेरीज करण्यात: १/२ च्या वरखाली १ मिळवून २/३. गुंठ्यात मोजा. १/२ एकर २० गुंठे, २/३ एकर २६ गुंठ्यांच्या वर. वरखाली एकेकच मिळवला तरी बांध साडेसहा गुंठ्यांच्या वर सरकला.

३/५ = □/२० असला प्रश्न सोपा. २० भागिले ५ चार, तीन चोक बारा, म्हणून १२/२०. अडतं ते ६/८ = □/१२ मध्ये. आठच्या पाढ्यात बारा नाही, तेव्हा मुलं 'उत्तर नाही' लिहून मोकळी होतात, किंवा आठाचे बारा व्हायला चार लागले म्हणून सहातही चार मिळवून १० लिहितात. इथं आधी खाली उतरायचं, मग वर चढायचं: ६/८ ला दोननं भागून ३/४, मग तीननं गुणून ९/१२. पडताळा तिरकस गुणाकारानं: ६ × १२ = ७२, ८ × ९ = ७२. दोन्ही गुणाकार जुळले की अपूर्णांक सममूल्य, मग पाढा जुळो न जुळो.

खाली उतरण्याचा शेवटचा टप्पा म्हणजे अतिसंक्षिप्त रूप. २४/३६ ला दोननं भागलं १२/१८, पुन्हा दोननं ६/९. इथं बरीच मुलं थांबतात, कारण ९ विषम आहे, 'आता भाग जात नाही'. दोननं जात नाही, तीननं जातो: २/३. मसावि, म्हणजे दोन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या, काढला तर एका फटक्यात काम होतं, २४ आणि ३६ चा मसावि १२. पण पाचवीच्या पोरानं दोन-तीन पायऱ्यांनी उतरलं तरी काही बिघडत नाही.

वर्गात याला 'काट मारणे' म्हणतात. हा शब्दप्रयोग मला जरा धोक्याचा वाटतो, कारण मुलं आकडेच काटायला लागतात. १२/२४ मधले वरचे-खालचे दोन उडवून १/४, जेव्हा उत्तर आहे १/२. आणि १६/६४ मधला ६ खोडला की १/४ येतं, तेही नेमकं बरोबर! असा योगायोग वहीत सापडला तर बरोबरची खूण करून पुढं जाऊ नका, सोळानं भागायला लावा.

प्रत्येक अपूर्णांक हव्या त्या छेदावर पूर्णांकात बसतोच असं नाही, आणि याचा मोठा दाखला १९५७ साली घरोघरी दिसला. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले. चार आणे ४/१६, म्हणजे १/४, म्हणजे २५/१००. आठ आणे ५० पैसे. इथवर ठीक. एक आणा मात्र १/१६, आणि सोळानं शंभराला भाग जात नाही. १/१६ = □/१०० मध्ये सव्वासहा येतात. पिकाच्या अंदाजाची आणेवारी जाऊन पैसेवारी झाली ती याच रूपांतरातून. जत-आटपाडीकडं किंवा माण-खटावकडं '५० पैशांच्या आत' हे शब्द दरसाल बातमीत असतात. ५०/१०० म्हणजे जुने ८/१६, पीक निम्मं.

जाता जाता, सात-बारा लिहिताना ७/१२ लिहितात तो अपूर्णांक नव्हे. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एका कागदावर, एवढंच. गट नंबर २/४ ला काट मारून १/२ केलंत तर दुसऱ्याच्या रानात उभे राहाल.

राहिला 'समान अपूर्णांक'. व्याकरणानं चूक नाही, बोलताना चालेल. परीक्षेत मात्र टाळावा. 'समान' म्हटलं की काय समान ते कळत नाही: छेद, अंश की किंमत? नेमका हाच गोंधळ त्या मुलीचा झाला. सममूल्य आणि समच्छेद या शब्दांत उत्तर आत लिहिलेलंच आहे. मुलीला शब्द फोडून वाचायला सांगा.

आणि लिहायचं 'समच्छेद', 'समछेद' नाही. ऱ्हस्व स्वरापुढं छ आला की मध्ये च् येतो, जसं परिच्छेद, विच्छेद, शब्दच्छल. बेरजेच्या उदाहरणात मुलं 'समछेद करून' लिहितात, त्याचे गणितात गुण जात नाहीत, मराठीत जातात.