आईला अल्झायमर आहे, मग मलाही होणारच का?

प्रश्न : डॉक्टर, आई ७६ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. सकाळी दूधवाल्याला पैसे दिलेले विसरून संध्याकाळी परत द्यायला जाते, दूधवाला जुना आहे म्हणून बरंय. आणि गंमत म्हणजे 'भीमरूपी महारुद्रा' सुरू केलं की एक ओळ चुकत नाही! तिच्या थोरल्या बहिणीलाही शेवटी शेवटी हेच झालेलं. आता माझ्या भावाने हौसेने जीन-टेस्टचं ऑनलाइन किट मागवलं, माझीही थुंकी त्यात भरून पाठवली आणि रिपोर्ट आला 'एपीओई ई४, एक कॉपी'. मी ४८ ची. तेव्हापासून एखादं नाव पटकन आठवलं नाही तरी पोटात गोळा येतो. मलाही होणारच ना हे? मुलगी १५ ची आहे, तिचीही टेस्ट करून घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मुलीचं आधी सांगतो, अजिबात करू नका. मोठेपणी होऊ शकणाऱ्या आणि आज लहानपणी काही उपाय करता येत नाही अशा आजाराची टेस्ट मुलांची करत नाहीत, मोठी झाली की करायची का नाही ते तिचं ती ठरवेल.

आता तुमचा रिपोर्ट. तो निदान नाहीये. एपीओई हा १९ नंबरच्या क्रोमोझोमवरचा जीन, मेंदूत चरबी आणि कोलेस्टेरॉल इकडून तिकडे नेणारं प्रोटीन तो बनवतो. त्याचे ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार, आणि आपल्याकडे दोन कॉप्या असतात, एक आईची एक बाबांची. ई४वालं प्रोटीन मेंदूतला अमायलॉइड नावाचा चिकट कचरा उचलण्यात जरा ढिलं असतं, तो साचतो, त्याच्या गाठी होतात, पुढे पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रोटीनचा गुंता होतो आणि पेशी मरायला लागतात. एक ई४ असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन असतील तर आठ-बारा पट धरतात. पण ई४ असून नव्वदीपर्यंत ठणठणीत असलेली माणसं आहेत, आणि ई४ नसताना अल्झायमर झालेलीही ढीगभर आहेत. शिवाय हे आकडे बरेचसे युरोपियन वंशाच्या लोकांवरून काढलेत. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये अभ्यास झाला तेव्हा तिथे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियापेक्षा ई४ही कमी सापडला आणि अल्झायमरही.

घाबरणाऱ्या तुम्ही एकट्या नाही हो. डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन, त्यांचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळे जीन्स, २००७ मध्ये वाचला गेला तेव्हा म्हणाले सगळं जाहीर करा, फक्त एपीओई तेवढा झाका. आजीला अल्झायमर होता त्यांच्या. मला तरी यात काही चूक वाटत नाही, सगळंच कळून घ्यायला हवं असं कुणी सांगितलंय!

'होणारच' म्हणावं अशी घराणी असतात, पण ती वेगळी. एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २ या तीन जीन्सपैकी एकात तसा बिघाड असला की प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मिळाला की आजार बहुतेक तिशी ते पन्नाशीतच गाठतो. एकूण पेशंटमध्ये असे एक टक्काही नसतात. यातलं सगळ्यात मोठं कुटुंब कोलंबियातल्या अँटिओकिया भागातलं, डॉ. फ्रान्सिस्को लोपेरांनी चाळीसेक वर्षं गावोगाव फिरून त्यांची वंशावळ जमवली. तिथे चव्वेचाळिशीच्या आसपास विसरायला सुरुवात होते. आणि त्याच घराण्यात एक बाई निघाल्या, बिघडलेला प्रेसेनिलिन १ त्यांच्याकडेही होता, तरी सत्तरीपर्यंत डोकं शाबूत! तपासलं तर मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेलं, पण टाऊचा गुंता फारच कमी. कारण काय असावं, तर एपीओई जीनमधलाच 'क्राइस्टचर्च' नावाचा एक दुर्मिळ बदल, तोही दोन्ही कॉप्यांत. म्हणजे ज्या जीनला तुम्ही शिव्या घालताय त्याच्याच दुसऱ्या एका रूपाने त्या बाईंना वाचवलं असं दिसतं. २०१९ मध्ये हे छापून आलं, औषध शोधणारे तेव्हापासून त्याच्या मागे आहेत.

तुमच्या आईंना आणि मावशींना उतारवयात झालं, त्यामुळे तुमचं घर त्या एक टक्क्यातलं वाटत नाही.

भीमरूपीचं कोडं सोपंय. नवीन आठवण आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नोंदली जाते, आणि हा आजार तिथेच आणि त्याच्या शेजारी पहिला घाव घालतो. दूधवाल्याचे पैसे नोंदलेच जात नाहीत, मग आठवणार कुठून? स्तोत्र लहानपणी हजारदा म्हणून मेंदूत चहूकडे पसरलेलं, ते उशिरापर्यंत टिकतं. रोज म्हणू द्या, बरं वाटतं त्यांना.

तुम्ही आता एवढं करा. बी१२ आणि थायरॉइड तपासा, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच, विसरभोळेपणाचं हे कारण गोळ्या-इंजेक्शनने सुधारू शकतं. पाळी जायच्या वयातही शब्द अडखळतात, झोप नसेल तर जास्तच. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर मशीन लावायला लाजू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने २०२४ मध्ये अशा १४ गोष्टी मोजल्या, त्या सगळ्या टाळता आल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक) टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा हिशोब आहे, आणि त्यात जीन एकही नाही.

आणि दूधवाल्याचं बिल महिन्याचं महिन्याला तुम्हीच मोबाइलवरून भरा, आईंच्या हातात दुधाची कुपनं ठेवा. दोनदा दिली तरी एक परत येईल, आणि व्यवहार आपण केला हे समाधान त्यांचं त्यांना राहील.